आतली कडी

सैन्यात उभी हयात ट्रक चालवून निवृत्त झालेल्या काकांनी आता रिमोटवर धावणाऱ्या हातभर लष्करी ट्रक बनवण्याचा ध्यास घेतला होता. चाकांना चिखलाचा रंग, दिव्यांना जाळी, टपावर दोरखंडाचं भेंडोळं आणि मागच्या बंद लोखंडी डब्यात समोरासमोर बसलेले अकरा चिमुकले जवान.

"घरात माणसं दोन आणि जेवणाच्या टेबलावर अख्खी पलटण!" असं कुरकुरत काकू ताट मांडीवर घेऊन जेवायच्या.

मागच्या दाराला आतून कडी बसवण्यात मात्र काकांचे तीन आठवडे गेले. दाराजवळच्या जवानाचा हात तिथवर पोचला पाहिजे आणि कडी एका झटक्यात निघाली पाहिजे, हा हट्ट. बसवायची, उघडून बघायची, मान हलवायची, पुन्हा काढायची.

अशा छोट्या ट्रकांच्या स्पर्धेत काकांचा ट्रक चढ चढला, खडीवरून धावला. पाण्याचा खड्डा तेवढा काकांनी वळसा घालून टाळला. मग परीक्षक भिंग घेऊन वाकले.

"काका, हुबेहूब! बोट ठेवायला जागा नाही. फक्त ही कडी चुकलीय. खऱ्या ट्रकला ती बाहेरूनच असते. तेवढे गुण कापावे लागतील."

काकांनी दार पुन्हा एकदा आतून उघडून पाहिलं.

"कापा, साहेब. आमचा ट्रक नदीत गेला, तेव्हा आतून उघडणारं दार फक्त माझ्या बाजूला होतं."