रंगाच्या कारखान्याचं फाटक

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या फाटकाने खानविलकरांना तिसऱ्यांदा अडवलं. "दूषित माती बाहेर नेता येणार नाही," फाटकावरचं तपासणी यंत्र पुन्हा बोललं.

खानविलकर इथे तीस वर्षं मुकादम होते. जागेची सफाई सुरू झाल्याने विषारी कचऱ्याची पिंपं कुठे पुरली आहेत ते दाखवायला त्यांना आज सकाळी बोलावलं होतं. त्यांनी प्रत्येक खड्डा दाखवला. आता आंघोळ करून, कपडे बदलूनही फाटक उघडत नव्हतं.

सफाईच्या अधिकारी पाटणकरबाईंनी यंत्राचा पडदा पाहिला. "काका, रंगातलं शिसं तुमच्या हाडांत आहे. यंत्राला माणूस आणि माती यांतला फरक कळत नाही."

"मग हाताने उघडा."

"तशी सोयच ठेवलेली नाही. कुणी गुपचूप माती बाहेर काढू नये म्हणून गावाने मोर्चा काढून तसं लिहून घेतलं होतं."

"मोर्च्यात मीही होतो," खानविलकर म्हणाले.

जाळीपलीकडून त्यांच्या मुलीने, सुनंदाने, हाक मारली. "बाबा, अजून किती वेळ?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"माती स्वच्छ व्हायला अकरा वर्षं लागतील," बाई हळूच म्हणाल्या. "माणसाचं अजून कुणी ठरवलेलं नाही."

खानविलकर जाळीपाशी गेले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "इथलं काम जरा लांबलंय."