डोळा शाबूत आहे तोवर

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर जीभ झडो माझी.

कत्तलखान्याच्या थंड खोलीत डुकराचं धड हुकाला टांगलेलं होतं. म्हातारा पारखी त्याच्याभोवती असा फिरत होता, जसं काही सून बघायला आलाय. बाकीचे पट्टी लावून चरबी मोजायचे. हा अंगठ्यानं मोजायचा. पाठीवर दाबलं, बरगड्या चाचपल्या. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून उभा राहिला.

"सत्तावन्न," दम खात तो म्हणाला. "शंभरात सत्तावन्न हिस्से निव्वळ मांस. बाकी चरबी, हाडं न् कातडं."

त्याची लेक तिथेच टेबलावर हाडं सोडवायचं काम करायची. सुरी पुसत म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले, बाबा? या गारठ्यात अजून एक हिवाळा काढलात तर छाती साथ देणार नाही."

"डॉक्टरला छातीतलं कळतं, मला डुकरातलं. डोळा शाबूत आहे तोवर मी घरी माशा मारत बसणार नाही."

"आणि डोळा चुकला तर?"

म्हातारा हसला. "सोडव हे धड, घाल काट्यावर. दोन टक्क्यांनी जरी चुकलो, तर आजच एप्रन खुंटीला. शब्द आहे."

लेकीनं बाह्या सारल्या. कातडं काढलं, चरबी वेगळी केली, हाडं सोडवली. म्हातारा पाठ करून उभा. तिच्या काट्यात डोकावणं त्याला कमीपणाचं वाटे. सुरी धरायला तिला त्यानंच शिकवलं होतं.

काट्यावर मांस पडलं. लेकीनं ते उचलून परत एकदा ठेवलं.

"बोल की. दातखीळ बसली का?"

"एकावन्न."

"परत बघ."

"दोनदा बघितलं, बाबा."

म्हाताऱ्यानं अंगठ्याकडे पाहिलं. "हाताला तर सत्तावन्नच लागलं होतं गं."

"होतं असं. वय झालं की."

एप्रनची गाठ त्याला सुटेना. तिनं ती सोडवून दिली.

"आता तुझी आई दिवसभर डोकं खाणार माझं."

"खाऊ दे. उन्हात बसून खाऊ दे."

पुढे म्हातारा चांगला बारा-पंधरा वर्षं जगला. अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझा डोळा वेळेवर गेला बघा, म्हणून वाचलो."

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करते. यात एकच गोष्ट रचलेली आहे, ते एकावन्न. आणि ती काही मी रचलेली नाही, लेकीनं रचली.