घोटलेला कोबा

१९८६ साल. मिरजेच्या आमच्या बंगल्यात फाटकापासून गाडीच्या शेडपर्यंतच्या कोब्याला भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, "गवंडी बोलवा." हे नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, "भेगा बुजवायला गवंडी कशाला? मी काय हात बांधून बसलोय?"

ह्यांनी भेगा तर बुजवल्याच, वर सिमेंटचा थर देऊन सगळा कोबा घरातल्या जमिनीसारखा गुळगुळीत घोटला. सासूबाई हसल्या, "मुकुंदा, आरसाच केलास की रे! आता वेणीफणी इथंच करते." हे लहान मुलासारखे खूश झाले.

पुढच्या आठवड्यात पूजेची फुलं काढायला निघालेल्या सासूबाई सडा घातलेल्या कोब्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलताना ह्यांचाही पाय सरकला, तेव्हा आपण काय करून ठेवलं ते ह्यांना कळलं.

दवाखान्यात हे मान वर करेनात. "आई, माझ्यामुळे..."

"गप रे. माझीच चप्पल झिजली होती."

त्या अनवाणी पडल्या होत्या. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांनी कोबा फोडू दिला नाही. ह्यांनी गवंड्याकडून टाचे मारून तो खडबडीत करून घेतला. पुढे चार वर्षं सासूबाई काठी टेकत चालल्या आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगत राहिल्या, "हा माझ्या मुकुंदानं केलाय." ते ऐकलं की हे उठून आत जात.

त्या गेल्यावर ह्यांनी कोबा उखडून टाकला, नवा घातलाच नाही. हे गेल्यापासून मी लेकीकडे असते. पण जाईपर्यंत हे दर पावसाळ्यात तिथल्या चिखलातूनच ये-जा करत राहिले.