अंगठ्याचं नख

केसरीनाथने चप्पल काढून उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि डॉक्टर धम्मदिना यांना म्हणाला, "बाई, हे नख जरा नीट करून द्या. वैशाखात पोराचं लगीन हाय."

अंगठ्याचं नख पिवळं पडून दुप्पट जाड झालं होतं, कडेला कुरतडल्यासारखं, पुढून मांसापासून सुटलेलं. डॉक्टरांनी टोक उचललं तसा आतून पांढरा भुसा पडला. बुरशी आहे, त्या म्हणाल्या. नख ज्या कठीण द्रव्याचं बनतं तेच ती खाते. खराब झालेलं पुन्हा चांगलं होत नाही; मुळाकडून नवं यावं लागतं, आणि पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष जातं. तोवर दर आठवड्याला कानशीने घासून नख पातळ करायचं, स्पिरिटने पुसायचं आणि वर औषधाचं पॉलिश लावायचं. न घासता लावलं तर औषध वरच राहतं.

"वर्ष?" केसरीनाथ हसला. अंजूरची भातशेती गोदामांना देऊन पैसा हाती आल्यापासून त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. मांडवात व्याही सगळ्यांदेखत पाय धुणार, त्याने काय हे पिवळं बघायचं? भारीतलं इंजेक्शन द्या, म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली आणि घरात आणखी कुणाला आहे का, ते विचारलं.

त्याने शेजारच्या खुर्चीतल्या बायकोकडे हनुवटी उडवली. राहीबाईचे हात पदराखाली होते. लावणीच्या चिखलात हिची बोटं कुजली, तिच्याकडूनच आपल्या पायाला आलं, असं त्याने सांगून टाकलं.

कुणाकडून कुणाला, ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. यांना कधीपासून आहे?

लग्नानंतर दोन-चार वर्षांतच लागलं, हेही त्यानेच सांगितलं.

"मग तेव्हा दाखवलं नाहीत?"

"हिचे हात कोन बघतं, बाई?"

नवी कानस काढून डॉक्टरांनी त्याच्या नखावर चार वेळा फिरवून दाखवली. पूड कागदावर सांडली. पुढचं घरी करा, म्हणाल्या. केसरीनाथने कानस घेतली, राहीबाईच्या मांडीवर टाकली आणि पाय तिच्याकडे वळवला. इथंच शिकून घे, घरी चुकशील, म्हणाला.

राहीबाईने कानस उचलली. बोट फिरवून तिची खरखर पाहिली. मग ती त्याच्या तळहातावर परत ठेवली.

"पाय तुमचा हाय," ती म्हणाली. "वाका."

तो पुन्हा हसला. डॉक्टरांकडे पाहिलं, तर त्या औषध लिहीत होत्या. दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर पूर्णा गावचे ओळखीचे दोघे बसले होते. आवाज चढवायची सोय नव्हती. तो वाकला. पोट मांडीवर चढलं, गळ्यातली सोन्याची चेन शर्टाबाहेर येऊन गुडघ्यावर आपटू लागली, तोंड लाल झालं, आणि कानस काही अंगठ्यापर्यंत पोचेना.

राहीबाईने खुर्ची टेबलाकडे ओढली. बांगड्या मागे सारून दहाही बोटं डॉक्टरांपुढे पसरली. काळी, खरबरीत, दोन बोटांना तर नखं उरलीच नव्हती.

"आता माजी बघा," ती म्हणाली. "त्यांना वेल लागंल."