केतकवनाच्या अटी

"राजाला दीपगृहात हलवलंय," अमेय फोनवर हळू आवाजात म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

"यार, मी तुझा प्रधान आहे," परीक्षित म्हणाला. "आणि इथे ॲन आर्बरमध्ये माझ्याशी बर्फाशिवाय बोलतंय कोण?"

अमेय हसला नाही. गोड बोलणारा माणूस फितूर नसतो, असं थोडंच आहे!

दिवसा अमेय अमेरिकेत बॉथेलमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा आणि संध्याकाळी सोनखडकचं राज्य चालवायचा. सोनखडक हा अष्टखंडातला देश, आणि अष्टखंड हे इंटरनेटवर मराठी माणसांनी मिळून रचलेलं जग. ज्याचा त्याचा देश. त्याचे सण, कायदे, भांडणं ज्याची त्याने रचायची. नियम दोनच. आपलं खरं नाव सांगायचं नाही आणि राजा पकडला गेला, की जिंकणाऱ्याने अटी घालायच्या. वाटलं तर त्याने देश नकाशावरून पुसूनही टाकावा. कॉलेजात असल्यापासून जपलेलं सोनखडक आता पुसलं जाण्याच्या वाटेवर होतं.

कारण केतकवन. दोनेक वर्षांपूर्वी उगवलेला चिमुकला देश. त्यांच्या रीतींच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: 'आमच्याकडे राणी आपणहून आधी बोलत नाही, फार झालं तर युद्ध पुकारते.' अमेय तेव्हा पोट धरून हसला होता. मग युद्ध सुरू झालं. केतकवन सोनखडकची जहाजं पकडायचं आणि चार दिवसांनी परत पाठवायचं, वर धान्य दुप्पट भरून. अमेयने ओळखलं, विष कालवलेलं असणार. सगळं धान्य त्याने भर समुद्रात जाळायला लावलं.

पण गेले तीन महिने केतकवनाला आतल्या बातम्या कळत होत्या. त्याच सुमाराला परीक्षित प्रधान झाला होता. म्हणून हा सापळा: प्रत्येकाला वेगळी जागा सांगायची. राणी जिथे धाड घालेल, तिथला फितूर.

"राजा देवळाच्या बेटावर आहे," त्याने बायकोला, रुचाला सांगितलं.

"बरं," रुचा भाजी चिरताना म्हणाली. "त्याला म्हणावं, येताना कोथिंबीर आण. तू तर आणणार नाहीसच."

उरले बाबा. एकनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तीन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून आलेले, एकटेच. आईला थंडी सोसत नाही, असं चारचौघांत सांगायचं ठरलं होतं. खरं म्हणजे सलग दोन दिवाळ्यांना अमेयने तिकीट कॅन्सल केलं, तेव्हा आईने जो फोन ठेवला, तो ठेवलेलाच होता. अमेयनेही पुन्हा केला नव्हता. ताठा दोन्हीकडे सारख्याच वजनाचा. एकाच घरातला माल.

"बाबा, राजा मिठाच्या खाणीत आहे," तो नावापुरतं सांगून मोकळा झाला.

"तिथे ओल असेल," बाबा म्हणाले. "पांघरूण दिलंयस ना त्याला?"

शनिवारी संध्याकाळी अमेयने लॅपटॉप उघडला. केतकवनाच्या फौजेने दीपगृहाकडे पाहिलंही नव्हतं. बेटाला वळसा घालून ती थेट मिठाच्या खाणीत उतरली होती. राजा कैदेत होता.

बाबा गॅरेजमध्ये होते. रोज या वेळेला ते फोन घेऊन तिथे जायचे. अमेयने दार ढकललं. बाबांनी फोन घाईने स्वेटरच्या खिशात सरकवला.

"कुणाशी बोलत होतात?"

"बँकेशी. ठेवीचं काम होतं."

"भारतात आत्ता रविवार सकाळ आहे, बाबा. बँक बंद असते."

बाबा खिशावर हात ठेवून उभे राहिले. चोर सापडला की ओरडतो किंवा पळतो. हे दोन्ही करेनात.

"माझ्या घरात राहून माझ्या शत्रूला बातम्या पुरवता?" अमेयचा आवाज चढला. "ती बाई आहे तरी कोण? हात धुऊन माझ्या मागे लागलीये दोन वर्षं!"

"एवढा त्रास होतो तिचा?"

"रात्री झोपताना तिचा विचार, सकाळी उठल्यावर पहिला तिचा विचार! दुसरं काही सुचत नाही मला!"

"असं होय," बाबा म्हणाले. त्यांनी खिसा आणखी घट्ट धरला. "जरा मोठ्याने बोल. मला हल्ली ऐकू कमी येतं."

"तुमचं तिकीट प्रीपोन करतो मी!"

"कर. पण आधी अटी वाच, मग तिकीट काढ."

आतून रुचाने हाक मारली. "अमेय, तुझ्या राणीचं काहीतरी आलंय बघ!"

तो धावत आत गेला. पडद्यावर केतकवनाची राजमुद्रा होती आणि खाली तह. सोनखडक पुसलं गेलं असणार, अशा तयारीने तो वाचू लागला.

'एक. राज्य तुमचं तुम्हाला लखलाभ.

दोन. जाळलेल्या धान्याचा राग नाही. मात्र ते निवडून पाठवलेलं होतं.

तीन. राजाने दर रविवारी, आमच्याकडे उजाडेल तेव्हा, जेवला का आणि काय जेवला, हे स्वतःच्या तोंडाने कळवावं. राणी आधी बोलणार नाही. आज रविवार आमच्याकडे उजाडलेला आहे आणि बाबांच्या खिशातला फोन अजून चालू आहे.'