सरूबाईनं नाव घेतलं

सरूबाईची तेरा वर्षं गेली, हे बुधवारी संध्याकाळी कळलं.

ताप डोक्यात गेला होता. अठरा दिवसांनी ती शुद्धीवर आली, पेज प्यायली, शेजारच्या खाटेवरच्या शालनबाईशी बोलायला लागली. तिचा नवरा हिंदुराव कंपनीतून सुटला की कासारवाडीच्या खोलीवर अंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि सायकलवर दवाखाना गाठायचा. दोन दिवस झाले, ती त्याच्याशी काही बोलली नव्हती. अशक्तपणा असेल, असं तो स्वतःला सांगत होता.

डॉक्टर तरुण होते. खाटेशी उभे राहून त्यांनी विचारलं, "बाई, साल कुठलं चाललंय?"

"सालाचं मला काय कळतंय? औंदाच पानशेत फुटलं न्हवं का."

डॉक्टरांनी हिंदुरावाकडं पाहिलं. पानशेत फुटून तेरा वर्षं झाली होती.

मग सिस्टरनी तिच्या हातात सुईदोरा आणि उसवलेला अभ्रा दिला. सरूबाईनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एका फटक्यात ओवलं आणि टाके घालू लागली. सारखे, बारीक, गोधडीला घालायची तसे. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "सुई कुणी दिली?"

"माझीच हाय की."

डॉक्टर हिंदुरावाला खिडकीशी घेऊन गेले. "मेंदूत आठवणीची एकच जागा नसते. हाताची सवय एका जागी, पाठ झालेलं दुसऱ्या जागी. रोज घडतं ते ठेवून घेणारी जागा आणखी निराळी. यांची तीच तापात गेली. फार जुनं तेवढं राहिलंय."

हिंदुराव टर्नर होता. त्यानं थोडा विचार केला. "म्हंजे मशीन चालतंय, पण स्टोअर जळालं."

"तसंच म्हणा."

"मग मी कुठल्या जागंत असंन, डॉक्टर?"

डॉक्टर मागं वळले. परत खाटेशी येऊन त्यांनी विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव काय तुमच्या?"

सरूबाईनं मान खाली घातली. डॉक्टर थांबले, मग कागदावर लिहू लागले. हिंदुराव खाटेची दांडी धरून उभा राहिला.

"डॉक्टर, लगीन झालंय का तुमचं?" शालनबाईनं विचारलं. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तोंड मोकळं होतं.

"नाही अजून."

"वाटलंच मला. बाईमाणूस नवऱ्याचं नाव असं सरळ घेतंय व्हय? उखाणा घालाया लावा तिला."

सरूबाई लाजली. "काहीतरीच तुमचं, बाई."

"घे गं. डॉक्टरला काय, लिहून टाकंल येडी म्हणून."

सरूबाईनं अभ्रा मांडीवर ठेवला आणि कुठंही न अडखळता म्हणाली,

"तव्यावरची भाकरी फुगली टम्म,
हिंदुरावांचं नाव घेते, नणंदबाई, घ्या जरा दम."

अख्खा वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या. हिंदुराव हसला आणि त्यानं काढलेल्या टोपीनंच डोळे पुसले. लग्नात घेतलं होतं तेच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि हिंदुरावाच्या पाठीवर हात ठेवून तिला विचारलं, "मग हे कोण?"

सरूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पिकलेल्या मिशा पाहिल्या, कपाळ पाहिलं. मग लगबगीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाटेवरून पाय खाली सोडले.

"नाकाची ठेवण ह्यांच्यासारखीच दिसती," ती हळू आवाजात शालनबाईला म्हणाली. "ह्यांच्या भावकीतलं कुणीतरी थोरलं आलंय वाटतं."

आता कुणी हसलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

"बसा की," सरूबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "हे कंपनीत पाळीला गेल्यात. येतीलच येवढ्यात. भेटूनच जावा."

हिंदुराव स्टुलावर बसला. "सरू," तो म्हणाला.

तिनं पदर आणखी पुढं घेतला. थोरल्यांनी असं नावानं हाक मारलेली तिला आवडली नसावी. जरा वेळानं तिनं विचारलं, "गावाकडं पाऊसपाणी?"

"बरं हाय."

"आत्याबाईंचं गुडघं?"

आत्याबाई म्हणजे त्याची आई. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. शेवटचे सहा महिने सरूबाईनंच तिला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं. ते आठवणारा आता तो एकटाच उरला होता.

"बरं हायती," हिंदुराव म्हणाला.

भेटीला माणसं येत होती, जात होती. पावलं वाजली की सरूबाई पदर जरा सारून त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघायची आणि पुन्हा टाके घालू लागायची. एकदाही तिची नजर त्याच्या तोंडाकडं वळली नाही. वडीलधाऱ्या माणसाकडं ती कधीच तशी बघत नसे.

सहाला सिस्टरनी घंटा वाजवली. हिंदुराव उठला.

"बगा, तुमची भेट न्हाईच झाली," सरूबाई हळहळली. "आज ओवरटाईम लागला असंल त्यास्नी. आलं की सांगते मी. कोण येऊन गेलं म्हणून सांगू?"

हिंदुरावानं टोपी घातली. मग सायकलची किल्ली चाचपत तो जिन्याकडं चालू लागला.

नाव सांगायचं राहिलं.