परक्या नावाची लोटी

तंजावरच्या तुळजाबाई, त्यांच्या सूनबाई सुंदराबाई, त्यांच्या सूनबाई कावेरीबाई, अशा तीन पिढ्यांची नावे घातलेली भांडी भंगारवाल्याच्या पोत्यात चालली होती, आणि कावेरीबाईंच्या सूनबाई सईबाई प्रत्येक भांड्याचा काठ बोटांनी चाचपत होत्या. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची ती जुनी इमारत उद्या पाडायची होती.

“आई, पुरे आता! सगळी आपलीच नावं आहेत,” गिरीधर वैतागला.

“तेच तर! खालच्या बिऱ्हाडातल्या अलमेलूमामींच्या नावाची लोटी सापडत नाही. ती दिल्यावाचून मी हा उंबरठा ओलांडायची नाही.”

इतक्यात मामींना बंगळूरला लेकीकडे नेणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. जन्मात कुणापुढे न वाकलेल्या सईबाईंनी जिन्यात गुडघे टेकले आणि भंगारवाल्याचे पोते स्वतःच्या हातांनी पालथे केले. लोटी तळातून निघाली.

“एवढ्याशा लोटीसाठी, आई?”

घरात उरलेले दूध सईबाईंनी तिच्यात काठोकाठ ओतले. “रिकामं भांडं परत देत नाहीत, गिरी. तू जन्मलास तेव्हा मी तीन महिने अंथरुणाला खिळले होते. मामी आपल्या लेकीच्या वाटचं दूध रोज हिच्यातून वर आणायच्या. जा, तूच घेऊन जा.”

गिरीधर लोटी दोन्ही हातांनी सांभाळत खाली धावला. मामींनी तिच्यावरचे आपले नाव वाचले, गिरीधरकडे पाहिले आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ओठ न लावता, वरून धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत ती रिती केली.